पोट बिघडलेल्या मांजराला काय द्यावं: दूध-भाकरी, उकडलेलं चिकन की डॉक्टरी आहार?

आमची सोनी तीन वर्षांची. मागच्या उन्हाळ्यात महिनाभर तिची शी पातळ होती आणि आठवड्यातून दोनदा-तीनदा उलटीही व्हायची. जळगावात मांजरासाठी काय मिळतं आणि त्यातलं काय खरंच कामाचं आहे, हे मला त्या महिन्यात कळलं. तुमच्याकडेही असंच चाललं असेल, तर हे वाचा.

पण खाणं बदलण्याआधी शी तपासून घ्या. जंत किंवा जिआर्डिया (आतड्यातला सूक्ष्म परजीवी) असेल तर कितीही महागडं खाणं आणलं तरी उपयोग नाही. लस न दिलेलं पिल्लू ओकत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि ‘एक-दोन दिवस उपाशी ठेवा, पोट साफ होईल’ हा सल्ला मांजराला लावू नका. मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही, तर अंगातली चरबी यकृतात साचू लागते. जाड मांजराला हा धोका जास्त.

आता दूध-भाकरी. आजी आजही म्हणते, “तिले दूध दे ना थोडं.” माया खरी आहे, पण दूध सुटलेल्या बहुतेक मांजरांना दुधातली साखर नीट पचत नाही. ती आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. भाकरीचं म्हणाल, तर मांजर पक्कं मांसाहारी, त्याची गरज तिच्यावर भागत नाही. आपल्या काळ्या मसाल्याच्या रश्श्यातला तुकडा धुऊन देणंही नको. कांदा-लसूण शिजलेला असो की वाळवलेला, मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो.

उकडलेलं चिकन यापेक्षा कितीतरी बरं. कातडी आणि हाडं काढलेला छातीचा भाग घ्यायचा, मीठ-हळद काही नाही, हवा तर चमचाभर मऊ भात. थोडं थोडं, दिवसातून चार-पाचदा. स्वस्त, ताजं, आणि आजारी मांजरही वासाने जवळ येतं. तीन-चार दिवसांसाठी मी बिनधास्त हेच सुचवेन. मात्र महिनोन्महिने हेच देऊ नका. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावापुरतं. शिवाय टॉरिन, म्हणजे मांजराला खाण्यातूनच मिळावं लागणारं एक पोषकद्रव्य, उकळताना पाण्यात उतरतं, म्हणून ते पाणी फेकायचं नाही, त्यातच कालवून द्यायचं. टॉरिन कमी पडलं की मांजराचं हृदय कमजोर होतं, हे कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी 1987 मध्ये दाखवून दिलं. त्यानंतर कंपन्यांनी खाद्यातलं टॉरिन वाढवलं. घरच्या पातेल्यात ते मोजून घालणारं कोणी नसतं.

डॉक्टरी आहारात दोन वेगळे प्रकार आहेत आणि दुकानात त्यांची सर्रास गल्लत होते. रॉयल कॅनिनचं गॅस्ट्रोइंटेस्टायनल किंवा हिल्सचं आय/डी हे पचायला हलकं आणि पोषणाने पूर्ण खाणं. पोट अचानक बिघडून सावरत असेल तर हे घ्या. हिल्सचं झेड/डी हे हायड्रोलाइज्ड. त्यात प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराची प्रतिकारशक्ती त्यांना ओळखत नाही. जुलाब आठवड्यांमागून आठवडे परत परत होत असतील आणि तपासणीत काही सापडत नसेल, तर डॉक्टरांना याबद्दल विचारा. हे महाग आहे, आमच्याकडे आधी सांगून मागवावं लागतं, आणि साधारण आठ आठवडे याशिवाय एक घासही द्यायचा नसतो. फरक बहुधा दोन-तीन आठवड्यांतच दिसतो. ‘ग्रेन फ्री’ लिहिलेल्या पाकिटावर या कारणासाठी पैसे घालू नका. मांजराला बाधतं ते बहुतेकदा गोमांस, मासे, चिकन किंवा दूध. धान्य क्वचित.

ओलं की कोरडं? ओल्या खाण्यात पाणी पाऊणएक हिस्सा, कोरड्यात दहाव्या हिश्श्याच्या आसपास. जुलाब होणाऱ्या मांजराला ओलंच चांगलं. पण भुसावळ-जळगावचा मे महिना, पारा 45च्या घरात आणि त्यात लाइट गेलेली! ताटलीत उरलेलं ओलं खाणं लगेच उचलावं लागतं. छोटे पाऊच घ्या, एका वेळी संपतील एवढेच. कोरड्याचा मोठा पोता स्वस्त पडतो, पण उष्णतेने त्यातली चरबी खवट होते. मी लहान पाकीट आणून घट्ट डब्यात, घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवते आणि देताना कोमट पाणी घालते. कोणतंही नवं खाणं जुन्यात मिसळत आठवडा-दहा दिवसांत वाढवत न्या.

सोनीला चिकन-भाताने चार दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. हलक्या आहारानेही फरक नाही. हायड्रोलाइज्ड सुरू केल्यावर बाराव्या दिवशी शी बांधून आली. आठ आठवडे झाल्यावर डॉक्टरांच्या सांगण्यावरून तिला पुन्हा चिकन देऊन पाहिलं, आणि तिसऱ्या दिवशी जुलाब परत. जे आम्ही औषध म्हणून देत होतो, तेच तिला बाधत होतं. आता फ्रीजवरच्या कॅलेंडरवर तिचं रोजचं खाणं आणि शी दोन्ही लिहिलेली असतात, आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी आधीच सांगते, तिला काही देऊ नका.