मालवणी खानावळीत व्हीगन जेवण : नऊ महिन्यांचा अनुभव आणि सोलकढीचा प्रश्न

बोलण्याच्या नादात सोलकढीचा पेला अर्धा तास टेबलावर तसाच राहिला आणि त्यामुळेच ही गोष्ट माझ्या ध्यानात आली. ताज्या नारळाच्या दुधाची सोलकढी इतका वेळ ठेवली की तिचे दोन थर होतात. वर दाट पांढुरका थर चढतो, खाली गुलाबी पाणी राहते आणि चमच्याने ढवळली की ती पुन्हा एकजीव होते. त्या दिवशीच्या पेल्यात तसे काही झाले नव्हते. रंग वरपासून खालपर्यंत सारखाच फिकट होता आणि काचेला आतून रव्यापेक्षाही बारीक असे पांढरे कण चिकटले होते. दूध नासताना पातेल्याच्या कडेला दिसतात, तसेच ते कण होते. ज्या सोलकढीसाठी मी सहा महिने ओळखीच्या प्रत्येक व्हीगन माणसाला या खानावळीचे नाव सांगत होते, तिच्यात गाईम्हशीच्या दुधाचा अंश असू शकेल, ही शंका मला त्या वेळी पहिल्यांदा आली.

ठाण्यातील आमच्या घराजवळची ही खानावळ मुख्यतः मासे आणि मटण खाणाऱ्यांसाठी आहे. सुरमई, बांगडा, तिसऱ्या (शिंपल्या), कोंबडी-वडे यांसाठी रविवारी दुपारी तिथे रांग लागते. यजमान आणि सासूबाई मासे खातात. मी व्हीगन आहे, म्हणजे पाच वर्षांपासून दूध, तूप, दही, मध यांसह प्राणिजन्य असे काहीच खात नाही. मार्च महिन्यात सासूबाईंच्या आग्रहाखातर गेले, तेव्हा भात आणि लिंबू एवढ्यावर निभवावे लागेल अशीच माझी समजूत होती. ती पहिल्याच जेवणात खोटी ठरली.

याचे कारण मला नंतर उमगले. ‘शुद्ध शाकाहारी’ अशी पाटी लावणाऱ्या हॉटेलांत माझे खरे हाल होतात. तिथे डाळीवर लोणी, रोटीला तूप, भाजीच्या रश्शात क्रीम, साबुदाण्याच्या खिचडीत साजूक तूप आणि खोबऱ्याच्या चटणीतसुद्धा दही असते. मालवणी स्वयंपाकात दुधाची सगळी कामे नारळ करतो. रस्सा दाट करायचा तोही नारळाने आणि तिखट शमवायचे तेही नारळाने. शिवाय मासे आणि दूध एकत्र खाऊ नये, हा आयुर्वेदातल्या विरुद्ध आहाराचा अगदी ठळक नियम आहे आणि कोकणातल्या घरांत तो आजही पाळला जातो. त्यामुळे मासळीच्या स्वयंपाकघरात दुधाला फारसे कामच उरत नाही. मांसाहारी खानावळीत व्हीगन माणसाला जेवायला काय मिळणार, असे विचारणाऱ्यांनी हा मुद्दा नीट विचारात घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

सुरुवातीला मला धास्ती होती ती तव्याची. रवा लावलेला बांगडा ज्या तव्यावर परततात, त्याच तव्यावर माझे घावन घालणार का, हे मी दुसऱ्याच भेटीत विचारले. भाकरी आणि घावनाचा तवा वेगळा आहे, वडे तळायची कढईही वेगळी आहे, असे सांगून मालकांनी मला आत नेऊन ते दाखवले. काळ्या वाटाण्याच्या सांबाराला जे वाटण लागते, ते कांदा, भाजलेले सुके खोबरे आणि मालवणी मसाला यांचे असते. तेच मटणालाही जाते, परंतु वाटणात स्वतःचे असे प्राणिजन्य काही नसते. डाव मात्र एका पातेल्यातून दुसऱ्या पातेल्यात जाण्याची शक्यता राहते आणि गर्दीच्या वेळी ती वाढते. मला हे चालते, कारण माझ्या पैशाने प्राणिजन्य पदार्थ विकत घेतला जाऊ नये, हा माझा निकष आहे. ज्यांना माशांची किंवा दुधाची ॲलर्जी आहे, त्यांनी माझ्या निकषावर विसंबू नये.

जेवणाविषयी सांगायचे तर काळ्या वाटाण्याचे सांबार आणि वडे हा इथला उत्तम पदार्थ आहे. तांदूळ आणि डाळींच्या भरड पिठात धणे-मेथीचा वास असलेला तो वडा टम्म फुगलेला येतो. तो मोडून सांबारात बुडवला की कडा कुरकुरीत राहतात आणि आतला भाग रस शोषून घेतो. एप्रिलमध्ये ओल्या काजूंची उसळ मिळाली. सोललेले ओले काजू महाग असतात, त्यामुळे वाटीमागे साठ रुपये जादा पडले, पण वाटीत काजू मोजून नव्हते, भरपूर होते. कुळथाची पिठी, फणसाची भाजी, तांदळाची भाकरी हे सगळे कोणताही बदल न करता व्हीगन आहे. मे महिन्यात एकदा शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया, आणि गूळ घातलेला नारळाचा रस मिळाला. बाहेर जेवताना मला गोड पदार्थ मिळण्याची ती अनेक वर्षांतली पहिलीच वेळ होती. मला फार आनंद झाला.

श्रावणात चित्र बदलले, आणि तेही मी कल्पना केली होती त्याच्या उलट दिशेने. मासे-मटण बंद ठेवणाऱ्या नेहमीच्या गिऱ्हाइकांना धरून ठेवण्यासाठी खानावळीने ‘श्रावण स्पेशल’ पदार्थ सुरू केले आणि त्यांत पनीर मालवणी, काजू-पनीर आणि दह्याची कोशिंबीर आली. एरवी दुधाचा स्पर्श नसलेल्या स्वयंपाकघरात दूध आले ते शाकाहारी महिन्यात. माझ्या ताटात दोनदा न विचारता दह्याची कोशिंबीर वाढली गेली. सांगितल्यावर ताट बदलून मिळाले, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती सोलकढीची. ते पांढरे कण पाहिल्यावर मी गल्ल्यावर जाऊन नारळाचे दूध ताजे काढता का, असे विचारले. मालक म्हणाले, “ताई, सोलकढी शंभर टक्के व्हेज आहे, तुम्ही बिनधास्त प्या.” मी प्रश्न पुन्हा विचारला. तेव्हा त्यांनी मान्य केले की पावसाळ्यापासून नारळाच्या दुधाची पावडर वापरतात. त्यामागची त्यांची अडचण खरी होती. २०२५ च्या पावसाळ्यात नारळाचे भाव कधी नव्हे इतके चढले. त्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, त्यामुळे मासळीही महाग होती. दिवसाला दीडशे पेले सोलकढी लागणाऱ्या माणसाने कुठेतरी हात आखडता घेतला, हे मला समजते. परंतु मी तिथे एकशे नव्वद रुपयांचे ताट घेते, वर पंचेचाळीस रुपये देऊन सोलकढीचा जादा पेला घेते, आणि तो पेला ताज्या नारळाचा समजून घेते. दर तोच ठेवून आतला जिन्नस बदलला, तर तो सांगायला हवा.

मी पाकीट पाहायला मागितले. पाकिटावर हिरवा ठिपका होता, नारळाचे चित्र होते आणि मागच्या बाजूला अगदी बारीक अक्षरांत घटक होते : नारळाचे दूध, माल्टोडेक्स्ट्रिन, सोडियम केसिनेट. त्याखाली दूध असल्याची सूचनाही होती. केसिन हे दुधातले मुख्य प्रथिन. गाईच्या दुधातील प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसिन असते. नारळातली चरबी पाण्यात एकसारखी मिसळून राहावी, यासाठी पावडरीत त्याचा क्षार, म्हणजेच सोडियम केसिनेट, घालतात. म्हणूनच त्या सोलकढीचे थर होत नव्हते. आणि केसिनला आंबट लागले की ते गोळा होते, दुधात लिंबू पिळल्यावर पनीर होते ते याच कारणाने. सोलकढीत पडणारे कोकमाचे आगळ, म्हणजे कोकमाचा रस, चांगलेच आंबट असते. पेल्याच्या काचेवरचे कण कशाचे असावेत, याविषयी मला मग शंका उरली नाही.

मालकांनी फसवले असे मी म्हणणार नाही, कारण त्यांचा हिरव्या ठिपक्यावर प्रामाणिक विश्वास होता. हिरवा ठिपका दुधाला मज्जाव करत नाही, हे त्यांना मीच सांगितले. दूध आणि मध दोन्ही त्या ठिपक्यात बसतात. व्हीगन पदार्थांसाठी एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२२ मध्ये स्वतंत्र नियम केले आणि वेगळे चिन्ह दिले. त्या पाकिटावर ते चिन्ह नव्हते. तरीही मला वाईट वाटले ते वाटलेच. पनीरची भाजी मला दुरून ओळखता येते आणि दह्याची कोशिंबीर परत करता येते, पण सोलकढी हा एकच पदार्थ असा होता की जो मी काहीही न विचारता घेत होते. जे न विचारता घेता येते, त्याची किंमत व्हीगन माणसाला फार असते. मी दोन महिने तिथे गेले नाही. घरच्यांनाही मी दुसरीकडे चला म्हणत होते, आणि हा आग्रह थोडा अतिरेकी होता, हे आज मान्य करते.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी सासूबाईंना तिसऱ्या खायच्या होत्या, म्हणून पुन्हा गेलो. मी सोलकढी नको म्हटले, ते ऐकून भाकऱ्या करणाऱ्या मावशी आतून बाहेर आल्या. त्या मालवणच्या बाजूच्या आहेत. त्यांनी विचारले, “तुमका तिवळ चलात काय? तेच्यात नारळच नाय.” सोले, म्हणजे कोकमाची सुकवलेली साले, पाण्यात कोळून, त्यात ठेचलेली मिरची, कोथिंबीर आणि मीठ घातलेले हे पेय त्या कामावरच्या माणसांसाठी रोज करतात, खानावळीच्या मेन्यूत ते कधीच नव्हते. रंग गडद लाल, चव स्वच्छ आंबट-तिखट, आणि कितीही वेळ ठेवले तरी त्यात नासण्यासारखे काही नाही. भातावर घेतले तर सोलकढीपेक्षाही छान लागते, असे माझे आता मत झाले आहे. मालकांनी त्याचे वीस रुपये लावले.

त्याच दिवशी मालकांशी पुन्हा बोलणे झाले. आदल्या संध्याकाळी फोन केला तर रविवारी आमच्या टेबलापुरता एक नारळ खवून ताजे दूध काढून देतो, पेल्यामागे वीस रुपये जादा पडतील, असे त्यांनी सांगितले. पैशाच्या बाबतीत मी हात सैल सोडणारी नाही, तरीही हे वीस रुपये मला योग्य वाटतात, कारण ते एका खऱ्या नारळाचे आहेत. पुढच्या रविवारी फोन करून गेलो. पेला मुद्दाम वीस मिनिटे बाजूला ठेवला. वर दाट थर आला, त्यावर तेलाचे बारीक डोळे दिसू लागले आणि खालचे पाणी गुलाबी राहिले. सासूबाईंनी त्यांचा पावडरीचा पेला सरकवून माझ्यातला अर्धा घेतला.

सध्याची स्थिती अशी आहे की वडे, काळ्या वाटाण्याचे सांबार, पिठी, भाकरी आणि तिवळ एवढे मी कोणत्याही दिवशी निःशंकपणे मागवते, घावनाबरोबरचा रस त्या दिवशी ताज्या नारळाचा आहे का ते विचारते, आणि सोलकढी फोन केला असेल तरच घेते. मेन्यूवर मात्र सोलकढीपुढे अजूनही नुसता हिरवा ठिपका आहे. ‘नारळ पावडर वापरलेली, दुधाचा अंश आहे’ एवढे तरी तिथे लिहा, असे मी मालकांना दोनदा सांगितले आहे. नवीन कार्ड छापताना लिहू, असे ते म्हणतात. तोवर निदान गल्ल्याजवळच्या फळ्यावर खडूने लिहा, अशी माझी त्यांना विनंती आहे. त्या फळ्यावर रोज सकाळी सुरमईचा भाव लिहितात, त्याखाली एका ओळीची जागा आहे.