नाटक बसवणारी माणसं: ठाण्यातल्या एका हौशी संस्थेतलं माझं पहिलं वर्ष

त्या वाक्यात सातच शब्द होते. ‘आई, दार उघडं राहिलंय, लावून घेते मी.’ जूनमधल्या एका शनिवारी संध्याकाळी, नौपाड्यातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये हे वाक्य मी पंधरा-वीस वेळा म्हटलं असेल. नाटक बसवणाऱ्या ताई समोरच्या बाकावर बसून ऐकत होत्या. त्यांनी एकदाही ते स्वतः म्हणून दाखवलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, ‘‘दार कशासाठी लावतेयस? आतलं बोलणं बाहेर जाऊ नये म्हणून, की बाहेरचं कोणी आत येऊ नये म्हणून?’’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. संहितेत लिहिलंय म्हणून मी दार लावत होते. घरी जाऊन भाकऱ्या थापताना डोक्यात तेच. दुसऱ्या दिवशी म्हटलं, आतलं बाहेर जाऊ नये म्हणून. ‘‘मग ‘आई’ एवढ्या मोठ्यानं कशी म्हणशील?’’ ताई म्हणाल्या. झालं. आवाज आपोआप खाली आला, पाय आधी दाराकडे वळले आणि शब्द मागून आले. त्या दिवसापासून ते वाक्य कधी चुकलं नाही.

मी रेल्वेच्या तिकीट खिडकीवर काम करते, बावीस वर्षं झाली. काचेमागून बोलायची सवय म्हणजे मान खाली, नजर पैशांवर, आवाज सगळ्यांसाठी एकच. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मी आमच्या भागातल्या एका छोट्या हौशी नाट्यसंस्थेची सभासद झाले. ऑफिसातल्या आणि सोसायटीतल्या बायका सारखं विचारतात, वर्गणी भरून मिळतं काय? म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. संस्थेचं नाव देत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत. शिवाय ठाण्यात अशा संस्था बऱ्याच आहेत, आणि माझ्या मते संस्थेच्या नावापेक्षा तिथे नाटक कोण बसवतं हेच आधी बघावं.

व्यवहाराचं आधी सांगून टाकते. वर्षाची वर्गणी १८०० रुपये. तालमी शनिवार-रविवार संध्याकाळी, प्रयोग जवळ आला की रोज. कपडे आपले आपण आणायचे, चहा संस्थेचा. वर्षात दोन मोठी नाटकं आणि एक एकांकिका होते, आणि तीन दिग्दर्शक आळीपाळीने ती बसवतात. तिघांनाही त्याचे पैसे मिळत नाहीत. ताई शिक्षिका होत्या, काका एका कारखान्यात फोरमन होते, तिसरा तरुण मुलगा आयटीत आहे.

ताईंबद्दल जास्त लिहिणार आहे, कारण मी त्यांच्याकडे शिकले.

त्यांचं पहिलं काम कागदपत्रांचं. नाटककाराची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय त्या वाचनाला बसत नाहीत. हौशी संस्थांत ‘एकच तर प्रयोग आहे, कोणाला कळतंय’ असं सर्रास चालतं, हे मला नंतर समजलं. ताईंकडे ते चालत नाही. संहिता तपासून प्रयोगाला परवानगी देणाऱ्या सरकारी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक त्यांनी संहितेच्या पहिल्या पानावर स्वतःच्या हाताने लिहिला होता. लेखकाचं मानधनही आधी पोचतं केलं, मग सभागृहाचं भाडं. तिकीट न काढता आत शिरू बघणारी माणसं मी रोज पाहते, त्यामुळे असेल, पण मला ही गोष्ट फार भिडली.

मग वाचन. आठ बैठका नुसत्या वाचनाच्या! काही जण कंटाळले, दोघं सोडूनही गेले. पहिल्या दोन बैठकांत कोणाला कुठली भूमिका हे ठरलेलंच नव्हतं, सगळ्यांनी सगळं वाचायचं. मी सासऱ्यांची वाक्यं वाचली, साठीच्या गृहस्थांनी सुनेची. पात्राला काय वाटतंय असं त्या विचारत नाहीत. समोरच्याकडून काय हवंय, ते विचारतात. हा फरक मला पूर्ण कळायला महिना लागला. ‘मला वाईट वाटतंय’ हे करून दाखवायला गेलं की चेहरा वाकडा होतो, दुसरं काही होत नाही. ‘आईनं गप्प बसावं असं मला हवंय’ असं धरलं की हात, डोळे, आवाज सगळेच कामाला लागतात.

शिवाय तालमीचं वेळापत्रक. ताई आदल्या गुरुवारी ग्रुपवर टाकतात: शनिवारी पाच ते सव्वासहा दुसरा प्रवेश, ही तीन माणसं, सव्वासहा ते साडेसात चौथा प्रवेश, ही चार. ज्याचं काम नाही त्यानं यायचं नाही. माझी ड्यूटी पाळीची आहे. रात्रपाळी करून आलेल्या बाईला दोन तास कोपऱ्यात बसवून ठेवलं आणि मग ‘आज तुझा प्रवेश राहिला’ म्हणून परत पाठवलं, तर ती पुढच्या आठवड्यात येणार नाही. नोकरी, घर सांभाळून येणाऱ्यांकडून काम करून घ्यायचं तर त्यांच्या वेळेची किंमत दिग्दर्शकाला कळली पाहिजे. सोडून गेलेल्यांपैकी एक बाई परत आल्या, त्या या वेळापत्रकामुळेच.

चुका सांगायची त्यांची पद्धतही सांगते. तालीम चालू असताना त्या सहसा थांबवत नाहीत. मांडीवर दोनशे पानी वही, तिच्यात प्रत्येकाचं पान वेगळं. तालीम संपली की एकेकाला बाजूला बोलावून त्याचं पान वाचून दाखवतात. माझ्या पानावर एकदा लिहिलं होतं, ‘वाक्य संपायच्या आधी खाली बघते.’ तिकीट खिडकीची सवय त्यांनी ओळखली होती, आणि ती बाकी कोणाला न कळता मला सांगितली. आमच्यातल्या एका मुलीला ‘श’ नीट म्हणता येत नाही. तिच्या वाक्यातले दोन शब्द लेखकाला विचारून बदलले, का ते कोणालाच कळलं नाही. मला कळलं, कारण माझं पुढचं वाक्य त्या शब्दावरून उचलायचं होतं.

आता काका. काकांची गोष्टच वेगळी. गडकरी रंगायतन १९७८ साली सुरू झालं तेव्हापासून ते तिथले प्रेक्षक आहेत, आणि तरुणपणी दादरच्या छबिलदास शाळेत जाऊन नाटकं बघायचे. १९७४ पासून ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेनं त्या शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटकांची चळवळ चालवली, तो काळ त्यांनी डोळ्यांनी पाहिलाय. आमच्या हॉलचे पंखे खडखडतात, ट्यूबलाइट लुकलुकते म्हणून कोणी कुरकुरलं की ते म्हणतात, ‘‘अहो, शाळेच्या हॉलमध्येच मराठी नाटक मोठं झालंय. खुर्च्या सरकवा.’’

काकांचा जीव मोजमापात. त्यांचं नाटक गडकरीला होणार होतं. सभागृहाची तारीख मिळाल्याबरोबर ते टेप घेऊन तिथे गेले, रंगमंच मोजला आणि आमच्या हॉलच्या फरशीवर सुतळी आणि खडूनं आखला. हॉल मागे-पुढे सहा फूट कमी पडला. काकांनी काय करावं? मागून येणाऱ्या सगळ्या एन्ट्र्या त्यांनी व्हरांड्याच्या दारापासून सुरू केल्या. मी ताट घेऊन व्हरांड्यातून निघायची, उंबरठा ओलांडायची आणि अकराव्या पावलाला टेबलाशी पोचायची. महिनाभर अकरा पावलं. प्रयोगाच्या दिवशी गडकरीच्या विंगेतून निघाले, आणि अकराव्या पावलाला टेबल. पायांना जागा आधीच माहीत होती. तालमीच्या हॉलमध्ये सहज जमलेलं रंगमंचावर गेल्यावर का फिसकटतं, याचं अर्धं उत्तर त्या सुतळीत आहे असं मला वाटतं.

आणखी एक. काका मधल्या खुर्चीत कधीच बसत नाहीत. एक दिवस डावीकडच्या टोकाला, एक दिवस उजवीकडच्या टोकाला, आणि शेवटच्या आठवड्यात पार मागे. ‘‘मधे बसलेल्याला सगळंच दिसतं, कडेच्यानं पण तेवढेच पैसे मोजलेत,’’ असं म्हणतात. एकदा टोकाला बसून त्यांच्या लक्षात आलं की सोफ्याच्या पाठीमुळे म्हातारीचा चेहरा तिकडच्या चाळीस-पन्नास लोकांना दिसणारच नाही. सोफा दीड फूट तिरका केला, बस्स.

काकांचा दोष असा की ते करून दाखवतात. कोणाला जमलं नाही की स्वतः उठायचं, पदर घेतल्याची खूण करायची आणि वाक्य म्हणून दाखवायचं. नव्या माणसाला सुरुवातीला त्याचा आधार वाटतो, मलाही वाटला होता. पण दीड महिन्यानं आमच्यातल्या चौघांच्या तोंडी काकांचाच हेल आला होता. रंगीत तालमीला ताई बघायला आल्या होत्या. त्या काकांना म्हणाल्या, ‘‘घरातली सगळी माणसं एकसारखी बोलतायत हो.’’ काका गप्प झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला गोल बसवलं आणि सांगितलं, आजपासून मी उठलो की मला खाली बसवा. उरलेल्या सहा दिवसांत जेवढं सुधारायचं तेवढं सुधारलं. चूक कळल्यावर सत्तरीच्या माणसानं सगळ्यांसमोर ती मान्य करावी, याचं मोल मी मानते. तरी पुढच्या नाटकात त्यांनी हे पहिल्या दिवसापासून सांभाळावं, असं मी त्यांना तोंडावर सांगितलंय आणि इथेही लिहिते.

तिसऱ्या दिग्दर्शकाबद्दल थोडक्यात. मुलगा हुशार आहे. प्रकाशयोजना त्याच्यासारखी आमच्यात कोणाला कळत नाही. एका एकांकिकेत त्यानं नुसत्या एका खिडकीच्या उजेडावर सकाळची संध्याकाळ केली. पण साडेपाचची तालीम साडेसहाला सुरू होते, संहिता रोज बदलते, आणि बदललेली पानं मोबाइलवर रात्री बाराला येतात. एकांकिका स्पर्धेत वेळेची मर्यादा असते, नेपथ्य लावायला मिळणारी मिनिटंही मोजलेली असतात. आमची शेवटची दोन पानं घाईत पळाली, कारण पूर्ण एकांकिका घड्याळ लावून एकदाही झाली नव्हती. त्या दिवशी मला रडू आलं. ‘‘काकू, पुढच्या वेळी नक्की,’’ असं तो म्हणाला. पुढच्या वेळी त्यानं ताईंच्या हाताखाली एक पूर्ण नाटक सांभाळावं असं मी समितीला लिहून दिलंय. नाराजीनं नाही, त्याच्यात खरंच काही आहे म्हणून.

बाकी तक्रारी संस्थेच्या आहेत, दिग्दर्शकांच्या नाहीत. वर्गणीशिवाय प्रयोगाच्या वेळी तिकिटं खपवावी लागतात हे आधी सांगितलं नव्हतं. प्रत्येकी वीस तिकिटं. मी ती आमच्या ऑफिसात खपवली, पण ज्या मुलीला खपवता आली नाहीत तिनं स्वतःचे पैसे भरले. हे बरोबर नाही. सभासद करून घेतानाच कागदावर लिहून द्यावं.

ताईंचं नाटक घाणेकर नाट्यगृहाच्या मिनी थिएटरमध्ये झालं. जागा लहान, प्रेक्षक हातभर अंतरावर, त्यामुळे ‘आई’ हळू म्हटलेलंही पोचतं. जागा आधी निवडून मग आवाज बसवला होता, हे मला तिथे उभी राहिल्यावर कळलं. नटराजाची पूजा झाली, नारळ फुटला, दुसरी घंटा झाली. ताई आत आल्या, प्रत्येकाच्या खांद्याला हात लावला आणि रंगमंच व्यवस्थापक मुलीला म्हणाल्या, ‘‘आता तुझं राज्य.’’ तिसऱ्या घंटेनंतर त्या आत येत नाहीत. विंगेत उभं राहून खुणा करणारे दिग्दर्शक मी दुसरीकडे पाहिलेत. नटाचं लक्ष अर्धं प्रेक्षकांत, अर्धं विंगेत.

दुसऱ्या अंकात माझ्या आईचं काम करणाऱ्या बाईंनी एक अख्खं पान गाळलं आणि एकदम शेवटाकडच्या वाक्यावर गेल्या. गाळलेल्या पानात मुलाच्या पत्राचा उल्लेख होता, तो आला नाही तर पुढचं कोणालाच कळणार नाही. वाचनाच्या वेळी ताईंनी आम्हाला प्रत्येक प्रवेशाचे सांधे पेन्सिलीनं दाखवून ठेवले होते: इथे तुटलं तर इथून धरा. पत्र हा त्यातलाच एक सांधा. मी दाराकडे गेले, अजून लावायचं होतंच, आणि कडीवर हात ठेवून म्हटलं, ‘‘पोस्टमन येऊन गेला का गं?’’ संहितेत नसलेलं वाक्य. बाईंनी माझ्याकडे बघितलं, एक श्वास घेतला आणि पत्रावर आल्या. प्रेक्षकांत कोणाला काही कळलं नाही. शेवटच्या रांगेत ताईंनी वही मिटली असं नंतर माझ्या मुलानं सांगितलं, तो त्यांच्या शेजारीच बसला होता.

एवढ्यावरून तुम्ही ठरवा. चौकशीला गेलात तर पैसे भरायच्या आधी एक दिवस तालमीला बसू द्या म्हणा. नको म्हणाले तर दुसरीकडे बघा. बसू दिलं तर नायिकेकडे बघू नका, सगळ्यात छोटं काम ज्याचं आहे त्याच्याशी दिग्दर्शक कसं बोलतो ते ऐका.

मी या वर्षीची वर्गणी भरली आहे. ताईंच्या नव्या नाटकाचं वाचन पुढच्या शनिवारपासून आहे. मला शेजारणीचं काम मिळालंय, चार वाक्यं. शनिवारची दुपारपाळी बदलून मागण्याचा अर्ज काल दिला.