पायरेट्सचं सीझन पॅकेज: एप्रिल ते सप्टेंबर वापरून झाल्यावरचा अनुभव

मी 2006 ला एमएस करायला पिट्सबर्गला आले, लॅबमधल्या पोरांनी पहिल्याच महिन्यात ओढत पीएनसी पार्कला नेलं, तेव्हापासून पिट्सबर्गची बेसबॉल टीम पायरेट्स माझी टीम, आणि पीएनसी पार्क हे त्यांचं स्टेडियम. बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं तरी. यंदा 2025 ला पहिल्यांदाच सुट्या तिकिटांऐवजी घरच्या मॅचेसचं पॅकेज घेतलं, दोन सीटा, एक माझी आणि एक माझ्या नऊ वर्षांच्या लेकाची. सीझन संपलाय, आणि ओळखीतले दोघंतिघं विचारतायत की पुढच्या वर्षी घ्यावं का, म्हणून एकदाच सविस्तर लिहितेय.

स्टेडियमबद्दल आधी सांगते कारण त्यात नाव ठेवायला जागाच नाही. मॅचच्या दिवशी क्लेमेंटे ब्रिज गाड्यांना बंद असतो, आख्खा पूल माणसांनी भरलेला, पिवळ्या-काळ्या टोप्या, खाली अलेगनी नदी, आणि आत जाऊन बसलं की समोर डाऊनटाऊन. मधेच पिअरोगीची रेस होते (पिअरोगी म्हणजे बटाट्याचं सारण भरून उकडलेली करंजीच म्हणा), ती बघायला माझा मुलगा दर वेळी खुर्चीवर उभा राहतो. स्टाफ पण फार प्रेमळ, गेटवरच्या आजी आम्हाला आता चेहऱ्याने ओळखतात.

मग प्रॉब्लेम काय, तर टीमचे मालक, बॉब नटिंग.

4 एप्रिलला घरची पहिली मॅच, यांकीजशी, 9-4 ने हरलो. मॅच चालू असताना वरून विमान गेलं, मागे बॅनर लावलेला, टीम विका म्हणून, आणि स्टँडमधून पण "सेल द टीम" चा गजर. त्याच गडबडीत लेकाने माझी बाही ओढली, "आई, ते एकवीस कुठे गेलं?" उजव्या बाजूच्या भिंतीवर क्लेमेंटेच्या 21 नंबरचं चिन्ह असायचं, तिथे एका दारूच्या कॅनची जाहिरात. रॉबर्टो क्लेमेंटे कोण हे इथल्या पोराला सांगावं लागत नाही, पायरेट्सचा जुना खेळाडू, बरोब्बर 3000 हिट्स मारलेला माणूस, 1972 च्या 31 डिसेंबरला निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी सामान घेऊन निघाला आणि विमान समुद्रात पडून गेला. ती भिंत त्याच्या नंबरवरून मुद्दाम 21 फूट उंच बांधलीय. त्या भिंतीवरून त्याचाच नंबर काढून जाहिरात लावायची? फॅन्स आणि त्याच्या घरचे बोलल्यावर टीमने माफी मागितली, चिन्ह परत लावलं. पण लावायच्या आधी त्या ऑफिसात एकालाही वाटलं नाही का हो, हे मला अजून छळतं.

त्याच महिन्यात विटांचं निघालं. 2001 ला स्टेडियम सुरू झालं तेव्हा लोकांनी पैसे भरून विटांवर नावं कोरून घेतली होती, आपल्याकडे देवळाच्या फरशीवर "कै. अमुक यांच्या स्मरणार्थ" असतं ना, अगदी तसं, कुणाचे गेलेले वडील, कुणाची आजी. त्या काढलेल्या विटा रिसायकलिंगच्या ढिगाऱ्यात पडल्याचे फोटो आले. एका फोटोत नावं वाचता येत होती. मी तो फोटो दोनदा झूम करून पाहिला आणि फोन ठेवून दिला.

हरण्याबद्दल माझी तक्रार नाहीये, हे नीट समजून घ्या. ही टीम 1993 ते 2012 सलग 20 सीझन निम्म्याहून जास्त मॅचेस हरली, त्यातली सात वर्षं मी स्वतः पाहिलीत आणि तरी जात राहिले. आणि 2013 ला 1 ऑक्टोबरची वाइल्ड कार्ड मॅच (प्लेऑफमधली, हरलं की बाहेर), आख्खं स्टेडियम काळ्या कपड्यांत, समोरच्या रेड्स टीमचा पिचर (म्हणजे बॉल टाकणारा) क्वेटोच्या नावाने लोक ओरडत होते, त्याच्या हातातून बॉल खाली पडला आणि पुढच्याच बॉलवर रसेल मार्टिनने होम रन मारला, तो आवाज आठवला की आजही अंगावर काटा येतो. 2014 आणि 2015 ला पण प्लेऑफला पोचलो. तेव्हा वाटलं आता पैसा लावतील, झालं उलटंच, 2018 च्या जानेवारीत गेरिट कोल आणि अँड्र्यू मॅककचन या आपल्या दोन्ही मोठ्या खेळाडूंना दुसऱ्या टीमना देऊन टाकलं, आणि 2015 नंतर प्लेऑफ नाही.

आयपीएल पाहणाऱ्यांना सांगते, तिथे खेळाडूंवर खर्चाची मर्यादा सगळ्या टीमना सारखीच असते, 2025 च्या सीझनसाठी प्रत्येकी 120 कोटी होती. बेसबॉलमध्ये असं काही नाही, वर मर्यादा नाही (फार खर्च केला तर टॅक्स भरावा लागतो) आणि मुख्य म्हणजे खाली पण नाही, म्हणजे मालकाने खर्चच केला नाही तरी कुणी विचारत नाही, टीव्हीच्या पैशातला वाटा आणि मोठ्या शहरांकडून येणारा वाटा मिळतच राहतो. यंदा डॉजर्सचा पगारखर्च 300 मिलियन डॉलरच्या वर, आपला 100 च्या आत. मेट्सने एकट्या हुआन सोतोला 765 मिलियनचं कॉन्ट्रॅक्ट दिलं, आणि पायरेट्सच्या 2025 पर्यंतच्या आख्ख्या इतिहासातलं सगळ्यात मोठं कॉन्ट्रॅक्ट म्हणजे ब्रायन रेनॉल्ड्सचं 106.75 मिलियन. बॉब नटिंग 2007 पासून मालक आहेत. शहर छोटं आहे हे कारण मला पटत नाही, कारण मिलवॉकी पण छोटंच, आणि त्यांनी यंदा 97 मॅचेस जिंकल्या, सगळ्यांत जास्त. आपण 71.

आणि या सगळ्यात पॉल स्कीन्ससारखा पिचर पोरगा आपल्याकडे आहे! 18 मेचा रविवार, फिलाडेल्फियात मॅच, मी पोळ्या लाटत लाटत बघत होते. त्याने एकट्याने आठही इनिंग टाकल्या, फक्त एक रन दिला, आणि आपण 1-0 ने हरलो. तवा बंद करून मी तशीच उभी राहिले. वर्षभर हेच, 1.97 चा ईआरए (नऊ इनिंगमागे सरासरी दिलेले रन, जितके कमी तितकं भारी) आणि जिंकलेल्या-हरलेल्या मॅचेस 10-10, कारण आपले बॅटर होम रनमध्ये 30 टीमांत तळाला. परवा त्याला एकमताने साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचं बक्षीस, मिळालं, लेक घरभर नाचला. त्या पोराचा यंदाचा पगार 8,75,000 डॉलर. इतका गुणी मुलगा इतक्या स्वस्तात मिळालाय, तर आत्ताच त्याच्या आजूबाजूला दोन चांगले बॅटर आणायचे, नाहीतर कधी? 2029 नंतर तो हवी ती टीम निवडायला मोकळा होणार, आणि कोलचं काय झालं ते आम्ही पाहिलंय. जुलैअखेर आपला दुसरा पिचर डेव्हिड बेडनारला पण यांकीजकडे पाठवलं, इथूनच जवळच्या मार्स गावचा मुलगा, लहानपणापासून याच टीमचा फॅन.

पैशाच्या दृष्टीने पॅकेज वाईट नाही, सुट्या तिकिटांपेक्षा स्वस्त पडतं आणि सीट ठरलेली असते. पाहुणे येणार असतील, पोरांना खेळ दाखवायचा असेल तर जरूर घ्या. मी मात्र रिन्यू करणार नाहीये. तिकडून फोन आला होता, बोलणारी मुलगी बिचारी नम्र होती, तिला मी सांगितलं की माझं नाव लिहून ठेव, चांगला बॅटर घेतला की मला पहिला फोन कर.

तोवर स्कीन्स टाकणार असेल त्या दिवसाची दोन तिकिटं काढायची, पुलावरून चालत जायचं, आणि लेकाच्या हट्टाप्रमाणे तिथे बसायचं जिथून भिंतीवरचं एकवीस नीट दिसतं.