टिन की एसएलआरएन? नको त्या पोस्ट गाळायच्या तर

न्यूजग्रुप, म्हणजे यूजनेट या जुन्या चर्चा-जाळ्यावरचे विषयवार गट, टर्मिनलवरच (नुसत्या मजकुराच्या खिडकीत) वाचायचे असं तुमचं पक्कं असेल, तर पुढचा प्रश्न नको त्या पोस्ट गाळण्याचा. टिन आणि एसएलआरएन हे त्यासाठीचे दोन प्रोग्राम; मी काही वर्षं टिन वापरला, आता एसएलआरएनवर आहे.

टिन हाताला पटकन बसतो. पोस्टवर असताना चौकटी कंसाची एक कळ दाबली की तसला विषय बाद, दुसरी दाबली की आवडीचा. बारकाईने करायचं तर कंट्रोल-के किंवा कंट्रोल-ए, समोर मेनू हजर. मुदतीचा नियम केलात तर ती मुदत मुळात 28 दिवसांची असते, एवढं लक्षात ठेवा. घाईत वाचणाऱ्याला याहून सोयीचं काही मी पाहिलेलं नाही.

पण माझं बिनसलं ते दुसऱ्याच गोष्टीवरून. फेब्रुवारी 2024 मध्ये गूगल ग्रुप्सने यूजनेटशी जोडणी बंद केली, त्याआधी जाहिरातींचा नुसता पूर आला होता. जयपूरच्या हॉटेलांना वैतागून मी टिनमध्ये विषयात ‘जयपूर’ असलेल्या पोस्टच सगळ्या ग्रुपांत गाळून टाकल्या. पुढे देवल क्लब या कोल्हापूरच्या संगीत संस्थेतल्या एका स्नेह्यांनी विचारलं, ‘जयपूर-अत्रौलीच्या जुन्या ध्वनिमुद्रणांवरची चर्चा वाचलीत का?’ मला पत्ताच नाही! जयपूर-अत्रौली या गायकी घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेब कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या दरबारचे गवई. कोल्हापुरात बसून माझ्याकडून नेमकी तीच चर्चा सुटावी, याचं फार वाईट वाटलं. मग रात्री फिल्टरची फाईल उघडून एकेक ओळ तपासत बसलो.

एसएलआरएन आपण दिलेल्या नियमांनुसार प्रत्येक पोस्टला गुण देतो, आणि पोस्टवर ‘व्ही’ दाबलं की तिला कोणत्या नियमाने किती गुण मिळाले ते दिसतं. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला. मात्र उणे 9999 देऊ नका, पोस्ट यादीतूनच जाते आणि ‘व्ही’ दाबायला काही उरत नाही. मी उणे 500 देतो: पोस्ट वाचलेली धरली जाते, पण नजरेसमोर राहते. गुणांची बेरीज होते, म्हणून ‘जयपूर’ला उणे 500 आणि ‘अत्रौली’ला 1000 दिले की घराण्याची चर्चा 500 वर येते, हॉटेलं खालीच राहतात.

गुणांची फाईल हाताने लिहायची तयारी हवी, हे खरं. ‘के’ दाबून नियम घालता येतो, तरी खरी मजा फाईलीतच. फाईलीतल्या नियमात ‘स्कोअर’ या शब्दापुढे एक कोलन असेल तर सगळ्या अटी जुळाव्या लागतात, दोन असतील तर एक जुळली तरी पुरे. खाँसाहेबांचं नाव रोमन लिपीत जो तो आपल्या परीने लिहितो, म्हणून तिथे मी दोन कोलन देऊन माहीत असलेली सगळी स्पेलिंगं एकाखाली एक टाकली आहेत. नवं दिसलं की तेवढीच ओळ वाढवतो.