प्रकल्पातील संवाद आणि नेतृत्वशैली : एका ऑनलाइन अभ्यासक्रमाचे परीक्षण

प्रकल्पप्रमुखांसाठी असलेला संवाद आणि नेतृत्वशैली या विषयावरचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. ध्वनिचित्रित व्याख्याने, मार्गदर्शकासोबतची थेट चर्चासत्रे आणि अखेरीस एका प्रत्यक्ष प्रकल्पाचे लेखी विश्लेषण अशी त्याची रचना आहे. प्रमुखाची शैली जशी असेल तशीच माहिती त्याच्यापर्यंत पोहोचते, हे यातल्या उत्तम सत्रांचे मध्यवर्ती सूत्र आहे आणि ते मला पूर्णपणे पटते.

सुरुवातीचे सत्र संवादाच्या गणिताचे आहे. पाच जणांच्या गटात दोघादोघांमधील संवादाचे 10 मार्ग असतात, दहा जणांत 45 आणि वीस जणांत 190. त्यामुळे रखडलेल्या कामावर आणखी माणसे नेमली की ते पुष्कळदा अधिकच रखडते, हे फ्रेड ब्रूक्स यांनी 1975 मध्ये सॉफ्टवेअर प्रकल्पांविषयी मांडलेले निरीक्षण येथे नीट समजते. कोणी कोणाला, कधी आणि कोणत्या माध्यमातून कळवायचे याचा आराखडा प्रकल्पाच्या आरंभीच का करावा, हे मग वेगळे पटवून द्यावे लागत नाही.

अभ्यासक्रमाचा खरा कस लागतो तो चॅलेंजर अवकाशयानाच्या दुर्घटनेवरील सत्रात. 27 जानेवारी 1986 च्या संध्याकाळी झालेल्या दूरध्वनी बैठकीत, घन इंधनाचे अग्निबाण बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी थंडीमुळे अग्निबाणाचे सांधे बंद ठेवणाऱ्या रबरी कड्यांची लवचिकता कमी होईल, म्हणून 53 अंश फॅरनहाइटच्या खाली उड्डाण करू नये, अशी शिफारस केली होती. नासाच्या अधिकाऱ्यांनी तिला जोरदार आक्षेप घेतल्यावर कंपनीच्या व्यवस्थापकांनी आपसांत चर्चा करून ती मागे घेतली. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर 73 सेकंदांनी यान नष्ट झाले आणि सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. चौकशी आयोगाला असे आढळले की, उड्डाणाचा अंतिम निर्णय घेणाऱ्यांना या मूळ शिफारशीची कल्पनाच नव्हती. मार्गदर्शकांनी ही घटना केवळ सांगितली नाही, तर त्या बैठकीतील भूमिका आम्हाला वाटून दिल्या. अभियंत्याला ‘धोका आहे हे सिद्ध करा’ असे म्हणणे आणि ‘सुरक्षित आहे हे कशावरून?’ असे विचारणे यांत किती अंतर आहे, हे त्या चर्चेत ज्या स्पष्टतेने उमगले, तसे ते नुसते वाचून उमगले नसते. एमी एडमंडसन यांच्या 1999 च्या संशोधनातील मानसिक सुरक्षिततेची संकल्पना, म्हणजे चूक किंवा शंका बोलून दाखवल्यास आपला अपमान होणार नाही हा गटातील सामाईक विश्वास, याच सत्राला जोडून शिकवली आहे आणि ती जागा अगदी योग्य आहे.

नेतृत्वशैलीचा विभाग मात्र त्या तोडीचा नाही. हुकूमशाही, लोकशाही आणि मुक्त (गटाला मोकळे सोडणारी) या तीन शैली मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 1939 च्या प्रयोगांवरून शिकवल्या जातात, परंतु ते प्रयोग दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या मंडळांवर झाले होते, ही महत्त्वाची गोष्ट व्याख्यानात येतच नाही. त्यानंतर प्रश्नावली भरून स्वतःची शैली ठरवायची असते. हर्सी आणि ब्लँचर्ड यांच्या परिस्थितीनुरूप नेतृत्वाच्या मांडणीत सहकाऱ्याची त्या विशिष्ट कामातील तयारी पाहून प्रमुखाने आपली वागणूक बदलणे अपेक्षित आहे. तिच्याच शेजारी प्रत्येकाला एक कायमचे लेबल चिकटवणे मला विसंगत वाटले. नव्या माणसाला नेमक्या सूचना देणारा आणि त्याच दिवशी अनुभवी सहकाऱ्याला संपूर्ण मोकळीक देणारा प्रमुख त्या प्रश्नावलीत कोठेच बसत नाही.

याहून गंभीर आक्षेप देहबोलीच्या सत्राला आहे. संवादात शब्दांचा वाटा 7 टक्के, स्वराचा 38 आणि चेहऱ्याचा 55 टक्के, असे तेथे सरसकट सांगितले जाते. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967 मधील प्रयोगांतून निघालेले हे आकडे भावना व आवड-नावड व्यक्त करण्यापुरते, तेही शब्द आणि स्वर परस्परविरोधी असतानाचे आहेत. प्रकल्पातील मुदत, मोजमापे आणि अटी यांना ते लावणे चुकीचे आहे. मंगळाकडे पाठवलेले नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान 1999 मध्ये हातचे गेले, कारण एका गटाची आकडेवारी पाउंड-बल या ब्रिटिश एककावर आधारलेली होती आणि दुसऱ्याने ती न्यूटन या मेट्रिक एककावर आधारलेली आहे असे गृहीत धरले होते. तेथे प्रश्न मजकुराचाच होता. हे सत्र वगळून तो वेळ लेखी संवादाला द्यायला हवा होता, कारण वेगवेगळ्या ठिकाणांहून काम करणाऱ्या गटांसाठी बैठकीचे इतिवृत्त आणि निर्णयांची नोंद कशी लिहावी, याला येथे जेमतेम एका व्याख्यानाचा कोपरा मिळाला आहे.

एवढे असूनही, नव्याने गटाची जबाबदारी आलेल्यांना मी हा अभ्यासक्रम अवश्य सुचवेन, मात्र थेट चर्चासत्रांसह. केवळ ध्वनिचित्रित व्याख्यानांचा स्वस्त पर्याय उपलब्ध आहे, पण चॅलेंजरवरील भूमिकांचा सराव त्यात समाविष्ट नाही.