छत गळत नव्हतं, फॉईल उलटी लावली होती

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनो, फॉल्स सीलिंगच्या आत उष्णता अडवायला ग्लासवूल (काचतंतूंची गादी) टाकून घेत असाल तर बोर्ड ठोकायच्या आधी तिच्या एका बाजूच्या, वाफ अडवणाऱ्या फॉईलचं तोंड कुठे आहे ते बघा. बोरिवलीत आमच्या दोन खोल्या, ३१० चौरस फूट, ठेकेदाराने १४५ रुपये दराने ४४,९५० घेतले आणि फॉईल खोलीकडे लावली. ही थंड देशांतली पद्धत. मुंबईत दमट हवा बाहेर आणि गारवा आत. हवा ३० अंश, आर्द्रता ८० टक्के असली की साधारण २६ अंशांनाच दव धरतं. एसी २४ वर, म्हणजे फॉईल २६ पेक्षा गार. स्लॅबमधून, खिडकीवरच्या फटींतून, वायरिंगच्या पाइपांतून आलेल्या वाफेचं तिच्या पाठीवर पाणी होतं आणि ग्लासवूल फडक्यासारखी भिजते.

पहिला डाग मे महिन्यात पडला. मे! पावसाचा थेंब नाही, टाकी गच्चीच्या दुसऱ्या टोकाला, मग गळणार काय? तिथेच कळायला हवं होतं. पण तोच ठेकेदार ओल मोजायचं मीटर लावून आकडा दाखवतो, “लीकेज आहे साहेब” म्हणतो, तेव्हा कोणीही विश्वास ठेवेल. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे आणखी ३८,०००. एकूण ८२,९५० आणि बिल नाही, “जीएसटी वाचेल” म्हणे. बिल घ्याच. गच्ची सोसायटीची, खर्चही तिचाच, पण सेक्रेटरींनी पैसे देईपर्यंत तोंड उघडलं नाही.

दव की गळती ते ओळखायला एसी काही दिवस बंद ठेवा. डाग सुकला तर दव. एसी बंद असूनही पावसानंतर वाढला तर गळती.

पोलीस म्हणाले, दिवाणी मामला. वॉर्डात म्हणाले, सोसायटीचं बघा. सोसायटी म्हणाली, तुमचा ठेकेदार, तुमचं तुम्ही निस्तरा. लेखी अर्ज घ्यायलाही कोणी तयार नाही, पोच तर लांबच! ठेकेदार दुसऱ्या बिल्डिंगमध्ये हेच करतोय.

वरून दुसरी फॉईल चिकटवून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. ओल दोन फॉईलमध्ये कोंडते. भिजलेली ग्लासवूल फेका, बुरशीचे बोर्ड बदला, स्लॅब पूर्ण सुकू द्या. मग ५० मिमी एक्सपीएस (कडक फोमच्या शीट) स्लॅबला खालून पोकळी न ठेवता चिकटवा, सांध्यांना अ‍ॅल्युमिनियम टेप. खाली जिप्सम बोर्ड हवाच, एक्सपीएस पेट घेतं. ग्लासवूलच हवी तर फॉईल स्लॅबकडे, सांधे ७५ मिमी एकावर एक. खोलीकडून ऑइल पेंट किंवा व्हिनाइल वॉलपेपर नको, ओलीला खोलीकडे वाळायला वाट हवी.

ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जा, पाच लाखांपर्यंत फी नाही. आणि बोर्ड काढताना फॉईलची बाजू दिसेल असा व्हिडिओ घ्या. ग्लासवूल एकदा खाली आली की पुरावा गेला.