स्ट्रिंगचा आकडा करायचाय: पार्सइंट, नंबर, पायथॉनचा इंट की अजून काही?

फॉर्ममधून आलेली संख्या म्हणजे आधी नुसती अक्षरं, म्हणजेच स्ट्रिंग असते. (खाली कोडमधले आकडे आणि अक्षरं मराठीत लिहिलीत, पण ती इंग्रजीच समजा; शेवटच्या भागातलं १२३ तेवढं खरंच मराठी आहे.) त्यांचा आकडा करायची रीत सगळीकडे एकच, डावीकडून एकेक अक्षर घ्यायचं, आतापर्यंतच्या उत्तराला बेसने (मोजणीत एकूण किती अंक आहेत तो आकडा, आपल्या रोजच्या मोजणीत १०) गुणायचं आणि नवा अंक मिळवायचा. "१एफ" बेस १६ मध्ये म्हणजे १ गुणिले १६, वर एफचे १५ (९ नंतर ए म्हणजे १०, बी म्हणजे ११, असं पुढे), झाले ३१. बेस ३६ पर्यंतच का, तर दहा अंक आणि २६ इंग्रजी अक्षरं तिथे संपतात. खरा फरक कळतो तो नको ते अक्षर मधे आलं की.

जावास्क्रिप्टचा पार्सइंट जमेल तेवढं वाचतो आणि अडला की हातात असेल ते देऊन मोकळा होतो. कुणी १२० लिहिताना शेवटी शून्याऐवजी इंग्रजी ओ दाबला तर तुम्हाला १२ मिळतात, एरर नाही काही नाही, आणि ते १२ तसेच बिलात जातात. जावास्क्रिप्टचंच नंबर हे फंक्शन इथे सरळ नॅन (म्हणजे 'ही संख्याच नाही') देतं, ते मला जास्त पटतं. पण त्याला रिकामी स्ट्रिंग दिली की ० येतो, म्हणजे किंमत भरायची राहिली तर वस्तू फुकट! शिवाय नंबरला बेस सांगताच येत नाही, त्यामुळे हेक्साडेसिमल (बेस १६ मधले) रंगाचे कोड वगैरे वाचायचे असतील तर पार्सइंटच, आणि बेस १६ हातानं लिहूनच. जावास्क्रिप्टच्या २००९ च्या ईएस५ स्टँडर्डच्या आधी काही ब्राउझर "०१०" ला ऑक्टल (बेस ८) समजून ८ द्यायचे, बेस लिहायची सवय तिथूनच लागली. आजही "१०" तीनदा असलेल्या ॲरेवर (यादीवर) मॅपमध्ये, म्हणजे यादीतल्या प्रत्येकावर फंक्शन चालवणाऱ्या सोयीत, नुसतं पार्सइंट टाकून बघा: १०, नॅन, २. मॅप इंडेक्सही (यादीतला ०, १, २ असा क्रमांक) पाठवतो आणि पार्सइंट त्यालाच बेस समजतो, म्हणून.

पायथॉनचा इंट कडक आहे, एक अक्षर चुकलं की व्हॅल्यूएरर नावाची एरर. बेस ० दिला तर सुरुवातीचा शून्य-एक्स (बेस १६ ची खूण) बघून बेस स्वतः ओळखतो, पण त्याच बेसला "०१०" दिलं तर अंदाज न लावता एरर देतो, मला हे फार आवडतं. एक लक्षात ठेवा, "१_०००" मात्र तो १००० म्हणून घेतो.

जावाचा पार्सइंटही असाच कडक, २१४७४८३६४७ च्या वर गेलात तरी एक्सेप्शन, म्हणजे एरर. फक्त जावाचंच डीकोड हे फंक्शन वापरताना जपून, तिथे "०१०" चे ८ होतात.

सी भाषेत एटूआय हे फंक्शन नकोच, "०" आणि "कखग" दोन्हीला ० देतो. एसटीआरटूएल हे दुसरं फंक्शन कुठे थांबला ते पॉइंटरमधून (मेमरीतल्या जागेच्या पत्त्यातून) सांगतो, तो वापरा.

आता आपल्या कामाचं. मराठी कीबोर्डवरून टाईप केलेलं १२३ पायथॉन आणि जावा दोघं बरोबर वाचतात, जावास्क्रिप्ट मात्र नॅन देतं. गावाकडचा एक फॉर्म करताना माझे दोन दिवस यात गेले, कारण टेस्टिंग सगळं इंग्रजी आकड्यांवर झालं होतं. मराठी लोक भरणार असतील तर सर्व्हरला पायथॉन किंवा जावा ठेवा, आणि ब्राउझरमध्येच करायचं असेल तर प्रत्येक मराठी अंकाच्या युनिकोड कोडमधून (प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेल्या नंबरातून) २४०६ वजा करा, मराठी शून्याचा कोड तोच आहे, उरेल तो अंक स्ट्रिंगमध्ये जोडत जा आणि मग ती नंबरला द्या.